वाढ टोकाशी होते

९ नोव्हेंबर

ही वही प्रात्यक्षिकाची आहे. उजवं पान रेघांचं, डावं कोरं. उजवीकडे लिहायचं, डावीकडे आकृती काढायची, पेन्सिलीने, छटा न देता. सव्वीस वर्षं हे मी मुलींना सांगितलं. कॉलेजातला विभाग बंद झाला तेव्हा लॅबच्या कपाटात अशा अकरा वह्या उरल्या होत्या. निरोपाला मला भिंतीवरचं घड्याळ देणार होते. मी म्हटलं, घड्याळ घरात आहे, तो कोपऱ्यातला सूक्ष्मदर्शक द्या. त्याचा एक स्क्रू निसटतो, म्हणून दिला.

मागच्या खोलीत धिंगरी लावायची आहे. शिंपल्याच्या आकाराची अळिंबी. बियाणं विकत आणायचं नाही, मूळ वाणापासून स्वतः वाढवायचं, असं ठरवलं आहे. नुसत्या पिशव्या टांगणं कोणालाही जमतं.

वाण बशीत लावून चार दिवस झाले. कडेचा बारीक तुकडा काचेवर घेतला. डावीकडची आकृती: एक तंतू. नळीसारखा, पारदर्शक, टोकाला घुमट. तंतू फक्त टोकाशी वाढतो. मागची नळी जागची हलत नाही. आयपीसमध्ये मोजपट्टी आहे. मिनिटाला एक घर, या वेगाने टोक पुढे गेलं. मी सतरा घरं मोजली.

हे मागे येऊन उभे राहिले.

"काय दिसतंय?"

"टोक."

"आणि धाग्याची मागची बाजू?"

"ती वाढत नाही आता. नुसती असते."

"म्हणजे रिटायर झालेली," म्हणाले. "आमच्यातली."

१३ नोव्हेंबर

आज फांदी फुटताना पाहिली. टोकापासून बरंच मागे, नळीच्या कडेला फुगवटा आला. काही मिनिटांत त्याचाही घुमट झाला आणि चालायला लागला. टोक धडधाकट असेतो त्याच्या लगत फांदी येत नाही. टोक दुखावलं की ते थांबतं आणि मागे एकदम तीन-चार फुटतात. सुईने दुखावून पाहिलं. खरं आहे.

बशीच्या कडेला फांद्या एकमेकींना टाळून बाहेर पळतात. मध्यावर उलट. दोन टोकं एकमेकांकडे वळतात, टेकतात, मधली भिंत विरघळते, आणि एकाचा रस दुसऱ्यात जातो.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अगदी संसार."

"संसारात भिंत विरघळत नाही."

"आपली विरघळली असती तर घोरण्याचा आळ दोघांवर आला असता."

३० नोव्हेंबर

चाळीस पिशव्या भरून टांगल्या. गव्हाचं काड गरम पाण्यातून काढून, निथळून, थरावर थर. प्रत्येक थरात तंतू चढलेले गहू. खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. ह्यांनी खिडकीच्या वरच्या चौकटीत पंखा बसवून दिला, आतली हवा बाहेर टाकणारा. दहा मिनिटं चालतो, वीस मिनिटं थांबतो. ताजी हवा मिळाली नाही तर देठ लांबतात आणि छत्र्या बारीक राहतात.

आत जाताना मी मास्क लावते, डोक्याला फडकं बांधते. लॅबची सवय. माणसाच्या श्वासात काय काय असतं, ते पिशव्यांना लागायला नको. हे तसेच दारात उभे राहतात. "मला शिवाशीव नको," म्हणतात, "मी लांबूनच बाळं बघतो." मग टांगलेल्या पिशव्यांकडे पाहून: "आपल्याला पोरं झाली नाहीत ते बरं झालं. तू त्यांनाही पिशवीत भरून दोरीला लावलं असतंस."

हे त्यांनी आजवर कधी विनोदात आणलं नव्हतं. हसले मी. चाललं.

८ डिसेंबर

पिशव्या आतून पांढऱ्या होत आहेत. जिथे दाणा, तिथून सगळीकडे.

तंतूला तोंड नाही. तो टोकातून रस बाहेर सोडतो, बाहेरच काड पचवतो आणि मग ते आत घेतो. आपण उलट करतो. काड वरून जसंच्या तसं दिसतं. दाबलं की कळतं, आत काही उरलेलं नाही.

१९ डिसेंबर

पहिली काढणी. खानावळवाल्याने टोपली हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाला, "बाई, आठवड्यातून दोनदा आणा. सोमवार, शुक्रवार. मधे आणू नका, ठेवायला जागा नाही."

मी टोपली घेऊन जिना उतरले आणि गॅलरीतून आवाज आला. हे बसस्थानकावर एकतीस वर्षं घोषणा करत होते. सगळ्या गाड्या पाठ. त्यातली खाणीकडे जाणारी गाडी त्यांची आवडती, कारण तिला अठरा थांबे होते आणि ते हे एका दमात म्हणत.

"लक्ष द्या. धिंगरी घेऊन जाणारी गाडी फलाट एकवरून सुटत आहे. ही गाडी जुनं पोस्ट, कापडबाजार, दगडी पूल, सरकारी दवाखाना, मुलींची शाळा, पाण्याची टाकी, लाकडाची वखार, तिठा, बर्फाचा कारखाना, रेल्वे फाटक, वीटभट्टी, दूध डेअरी, धरण वसाहत, तुरुंग, टेकडीचा पायथा, वरची वाडी, खालची वाडी आणि खाणीचं दार इथं थांबेल."

समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. मला लाज वाटली. वळणापर्यंत हसू आवरलं नाही.

२४ डिसेंबर

खालच्या मजल्यावरची शिवणवाली वर आली. ती वकिलांचे काळे कोट शिवते. एक कोट हातावर आडवा धरला होता.

"वहिनी, मागच्या खिडकीत पीठ चाळता का हो?"

कोटाच्या खांद्यांवर बारीक पांढरी भुकटी होती. तिने फुंकली, उडाली. "रोज बसते. वकीलसाहेब म्हणाले, मला काय कोंडा झालाय?"

हे म्हणाले, "ताई, उद्यापासून नाही बसणार. शब्द आहे." ह्यांना कोणी तक्रार घेऊन आलेलं सोसत नाही. स्थानकावर उशिरा आलेल्या गाडीबद्दल हेच माफी मागत.

दुपारभर खपून त्यांनी पंखा काढला आणि मागची खोली व गॅलरी यांच्यामधल्या भिंतीत जो झरोका आहे त्यात बसवला. खिडकीला प्लायवूड ठोकलं. आता हवा गॅलरीत येते. गॅलरीला काचा आहेत, बाहेर काही जात नाही. झरोक्याखाली त्यांनी आपली आरामखुर्ची ओढली. "फुकटचा गारवा. बारा महिने."

मी म्हटलं, "वास येईल तुम्हाला."

"एकतीस वर्षं डिझेलचा घेतला."

२ जानेवारी

पुढच्या वाणासाठी बीजाणू हवे होते. एक मोठी उघडलेली छत्री देठापासून कापली, शिवणवालीने दिलेल्या काळ्या चिंधीवर पालथी ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी चिंधीवर छत्रीच्या पाळ्यांची नक्षी उमटली होती. पांढऱ्या भुकटीत.

डावीकडची आकृती: बीजाणू. लांबट, गुळगुळीत, रंगहीन, एका टोकाला बाजूला वळलेली छोटी चोच. मोजपट्टीची चार घरं. एक छत्री तासाला लाखोंनी सोडते असं पुस्तकात आहे. त्यातला एखादा ओल्या जागी पडतो, फुगतो, नळी काढतो. मग टोक, मग फांदी.

आकृती चांगली आली आहे. विभागाच्या मॅडम असत्या तर सही केली असती.

संध्याकाळी ह्यांना कोरडा खोकला. कसर आहे. थंडी बाधली असेल.

५ जानेवारी

आज काढणीचा दिवस नव्हता. पण छत्र्या थांबत नाहीत. वार बघत नाहीत. उघडतात, कडा वर वळतात, खालच्या पिशवीवर पांढरी पूड साचते. खानावळवाला म्हणतो, उघडलेल्याही चालतात, रश्श्यात कोणाला दिसतंय.

ह्यांना संध्याकाळी पुन्हा ताप. सकाळी नसतो. चहानंतर गॅलरीत वाचत बसतात, जेवून तिथेच डुलकी काढतात, आणि पाचच्या सुमाराला अंगात कणकण. घड्याळ लावल्यासारखी. वेळ मी रोज लिहून ठेवते: ५.१०, ४.५०, ५.१५. मोजायची सवय जात नाही.

१२ जानेवारी

गल्लीतलं रोहित्र जळालं. चार दिवस वीज नाही. पंखा बंद. ओल टिकावी म्हणून मी झरोक्याला ओलं पोतं लावलं आणि दारही लावून घेतलं. सहा पिशव्यांवर हिरवट डाग पडले, त्या फेकल्या. वाईट वाटलं. एवढी मेहनत वाऱ्यावर.

ह्यांचा ताप मात्र आपोआप गेला. खोकलाही. चार दिवस खालच्या पायरीवर बसून शिवणवालीशी गप्पा.

"वीज नसली की तुम्ही बरे होता," मी म्हटलं.

"बिलाच्या धसक्याने आजारी होतो," म्हणाले.

आज दुपारी वीज आली. पंखा लावला. छत्र्या चार दिवसांच्या कोंडलेल्या; झरोक्यातून आलेली हवा उन्हाच्या तिरिपेत धुरासारखी दिसत होती. हे म्हणाले, "बघ, तुझं धुकं." छान दिसत होतं.

५.२०. ताप १०२.

१६ जानेवारी

टोपली घेऊन उतरले. गॅलरीतून घोषणा सुरू झाली आणि रेल्वे फाटकाशी थांबली. दहा थांबे. मी वर पाहिलं. हे काचेला टेकून उभे.

"पुढे?"

हात हलवला. "विसरलो."

वीटभट्टी, दूध डेअरी, धरण वसाहत. मला पाठ झालं आहे ऐकून ऐकून. आणि हे विसरले.

२० जानेवारी

लाकडाच्या वखारीपर्यंत. सात.

ह्यांचे वडील साठीनंतर असेच विसरत गेले होते. आधी गावं, मग माणसं, शेवटी स्वतःचं दार. मी बदाम भिजत घालते आहे. सकाळी पाच. शब्दकोडी आणली. शब्दकोडं हे झरझर सोडवतात, एक घर चुकत नाही, पण बोलत नाहीत. पूर्वी एका वाक्यात तीन टोमणे असायचे. आता "हो". "नको". "ठेव". मी विचारलं, रागावलात का? मान हलवली.

रिटायर माणूस असा घुमा होतो असं सगळ्या बायका सांगतात. मलाच वाटत होतं की आमचं तसं होणार नाही.

बशीत एक गंमत दिसते. अन्न भरपूर असलं की तंतू जागच्या जागी फांद्यांवर फांद्या फोडतो, दाट जाळं होतं. अन्न संपलं की फांद्या थांबतात. एकच लांब, बारीक तंतू सरळ पुढे निघतो. शोधत. आकृती काढली आहे.

२७ जानेवारी

हे जिन्यात मधल्या पायरीवर बसले होते. हातात भाजीची पिशवी.

"काय झालं?"

"बूट." थोड्या वेळाने: "चावतो."

बूट जुनेच आहेत.

मी पुढचं लिहायला नको होतं, पण वही खोटी ठेवायची नाही. मला त्यांचा राग आला. खोलीत चौथी बहार चालू आहे, बियाण्याच्या बाटल्या उकळायच्या आहेत, आणि हे लहान मुलासारखे पायरीवर बसतात. मी पिशवी घेतली आणि पुढे निघून आले.

३ फेब्रुवारी

चष्मा पुसून देताना पाहिलं, काचांवर पांढरट थर होता. चुन्याच्या भिंती. रंग द्यायला हवा.

खोकला थांबत नाही. एक विचार मनात आला आणि मी दचकले. मी घरात कवक वाढवते. ते ह्यांच्यात तर वाढत नसेल? ओल, ऊब, अंधार. छातीत तिन्ही आहेत.

विचार आला की लगेच तपासायचं, घोळत बसायचं नाही. ह्यांना बशीत थुंकायला सांगितलं. "परीक्षा?" म्हणाले. "पास कर."

थुंकी काचेवर पसरली, निळा रंग दिला, काठापासून काठापर्यंत पाहिली. अडीच तास. तंतू नाही. एकही नळी नाही, टोक नाही, फांदी नाही. वाढणारं काही असतं तर इतक्या दिवसांत त्याने जाळं केलं असतं. कवक लपून राहू शकत नाही.

काही लांबट दाणे होते, चोचीचे, चार घरांचे. बरेच. पण ते माझेच. त्या टेबलावर मी दिवसभर बीजाणू हाताळते, काचा नीट धुतल्या गेल्या नसणार. काचेवरची घाण आणि नमुना यांत गल्लत करू नका, हे मी सव्वीस वर्षं घसा कोरडा करून सांगितलं आहे. आकृतीत ते घेतले नाहीत.

४ फेब्रुवारी

तरी खात्री करायची. दोन बशांत वाढीची जेली ओतली. एकीवर थुंकीचा थेंब. दुसरी कोरी, ती गॅलरीत ह्यांच्या खुर्चीच्या हातावर दहा मिनिटं उघडी ठेवून झाकली. तुलनेला कोरी बशी नसेल तर प्रयोगाला अर्थ नाही.

हे म्हणाले, "ती कोणाची?"

"कोणाची नाही. हवेची."

८ फेब्रुवारी

दोन्ही बशा उगवल्या. पहिल्या बशीवर थेंबाभोवती पांढरे ठिपके, पंचवीस-तीस. मग दुसरी उघडली. तिच्यावर ठिपके मोजताच आले नाहीत, सगळी बशी पांढरी. दोन्हींतून तंतू काढून पाहिले: तीच जाडी, तोच घुमट, फांद्यांचा तोच कोन. डावीकडे शेजारी शेजारी काढले आहेत. वेगळे ओळखू येणार नाहीत.

म्हणजे उत्तर सरळ आहे. जे कोऱ्या बशीत उगवलं ते हवेतलं. ह्यांच्या थुंकीचा त्याच्याशी संबंध नाही. कोरी बशी ठेवली नसती तर मी केवढी घाबरले असते.

किती दिवसांनी हलकं वाटलं. चहा केला, गॅलरीतच बसलो. मी सगळं समजावून सांगितलं. हे डोळे मिटून ऐकत होते. बोलले ते दोन शब्दांच्या मधे थांबत: "म्हणजे... मी... पास?"

"पास."

१० फेब्रुवारी

डॉक्टरकडे. छातीचा फोटो काढला. दोन्ही बाजूंना खाली धुकं असल्यासारखं.

डॉक्टर तरुण आहेत, घाईत नव्हते. एकेक विचारत गेले.

"सिगारेट?"

"नाही."

"घरात कबुतरं, पोपट, कोंबड्या?"

"नाही."

"काम काय करता?"

हे म्हणाले, "बसतो." दम घेऊन: "पूर्वी... बोलायचो."

डॉक्टर हसले. मग कागदावर पेन टेकवून म्हणाले, "एक फंगसची शंका येते मला. घरात कुठे..."

मी म्हटलं, "ते मी पाहिलं आहे. थुंकी दोनदा तपासली. रंग देऊन आणि बशीवर लावून. तुलनेला कोरी बशी ठेवली होती. एकही तंतू ह्यांच्यातला नाही."

त्यांनी पेन उचललं. "तुम्ही लॅबमध्ये होता?"

"सव्वीस वर्षं."

"मग माझं निम्मं काम झालं." आणि कागदावरचं काहीतरी खोडलं.

खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत मी त्या एका वाक्यावर होते. विभाग बंद झाल्यापासून मला कोणी असं काही म्हटलं नव्हतं.

गोळ्या दिल्या आहेत. हवाबदल झाला तर बरं, म्हणाले.

१३ फेब्रुवारी

घोषणा करू नका, मी म्हटलं होतं. ऐकलं नाही. टोपली घेऊन फाटकापाशी पोहोचले तर वरून आवाज: जुनं पोस्ट. कापडबाजार. दगडी पूल. सरकारी दवाखाना.

चार. मग बराच वेळ काही नाही. मग, हळू: "गाडी इथंच... थांबेल."

शिवणवालीची मशीन थांबली. ती दारात येऊन वर बघत राहिली. मला म्हणाली, "वहिनी, दादा विसरत नाहीत हो. त्यांना पुरत नाही."

काय पुरत नाही ते मला कळलं नाही. उशीर होत होता.

१५ फेब्रुवारी

शिवणवालीने फोन केला असणार. वन्सं आल्या. दारातूनच सुरू.

"वहिनी, काय कोंदट वास येतोय घरात. माणूस राहतो का इथे, का नुसत्या पिशव्या? दादा, चल. पंधरा दिवस माझ्याकडे."

"दोन चालू बहारा आहेत, मला येता येणार नाही," मी म्हटलं.

"तुला कोणी बोलावलंय?" म्हणाल्या. मग जीभ चावली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात जास्त लागला.

जाताना ह्यांनी झरोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकदा... पूर्ण उघडलेल्या... बघायच्या होत्या. तू... लहानपणीच... कापतेस."

इतकं मोठं वाक्य बऱ्याच दिवसांनी.

२० फेब्रुवारी

घर मोठं झालं आहे. टोकाचा वेग मोजला: मिनिटाला दीड घर. नवं वाण जुन्यापेक्षा पुष्कळ पळतं. कोणाला सांगू?

२१ फेब्रुवारी

वन्संचा फोन. "वहिनी, दादाचा ताप तिसऱ्या दिवशी गेला. खोकला नावाला नाही. पोळ्या मोजायच्या सोडून दिल्या मी. तू काय उपाशी ठेवत होतीस का गं त्याला?"

मग ह्यांनी फोन घेतला. "लक्ष द्या," आणि अठराच्या अठरा थांबे, खाणीच्या दारापर्यंत, आणि वर: "प्रवाशांनी आपल्या वहिनींना सामान समजून मागे सोडू नये."

मी हसले. फोन ठेवल्यावर रडले. विसरले नव्हते. बहिणीच्या घरी सगळं आठवतं, माझ्या घरी सुचत नाही. मला हे दुसऱ्या कोणत्या तऱ्हेने लावता येत नाही. सव्वीस वर्षं मी बाटल्यांना आणि बशांना वेळ दिला, आता पिशव्यांना देते. माणूस जिथे लक्ष मिळतं तिथे तरारतो. वन्संनी ते पाच दिवसांत करून दाखवलं.

२२ फेब्रुवारी

रविवारी येणार आहेत. वन्संनी पंधरा दिवस म्हटलं होतं, ह्यांनीच आग्रह धरला. "घरी जायचंय," म्हणे.

खानावळवाला आठवडाभर रंगकामाला बंद. एरवी जीव टांगणीला लागला असता. पण बरंच झालं. मी काही कापणार नाही. नव्याने भरलेल्या चौतीस पिशव्यांवर नव्या वाणाची पहिली बहार येते आहे, सगळी एकाच वेळी. ह्यांना पूर्ण उघडलेल्या बघायच्या होत्या. बघू देत. यावेळी लक्ष कुठे होतं ते त्यांना दिसेल.

२६ फेब्रुवारी

दुपारचे चार. गाडी साडेतीनची.

खोली बघवत नाही इतकी सुंदर झाली आहे. छत्र्या हाताच्या पंजाएवढ्या, एकीवर एक, कडा वर वळलेल्या. खालची सगळी जमीन पांढरी. पाऊल टाकलं की उमटतं. मास्क लावूनही दोन शिंका आल्या.

वाऱ्याने कडा सुकतात म्हणून गॅलरीच्या काचा सकाळीच लावून घेतल्या. पंखा बारापासून सलग चालू ठेवला आहे. उन्हातून येतील, गॅलरी गार हवी. आरामखुर्ची झरोक्याखाली नीट लावली. पाठीला उशी. त्यांचं शब्दकोडं. खुर्चीवर पांढरी धूळ होती. झटकली. पाण्याचा तांब्या ठेवायला वळले तेवढ्यात पुन्हा बसली होती. पुन्हा झटकली. हाताला रेशमासारखी लागली.

एकदा वाटलं, ही काचेवर घेऊन बघावी. काच काढलीसुद्धा. पण निसटणारा स्क्रू बसवायचा, दिवा लावायचा, आणि घड्याळात साडेतीन झालेले. ती नंतर बघता येईल. कुठे जात नाही.

बदाम सोलून ठेवले आहेत.

डावं पान कोरं ठेवलं आहे. हे त्या छत्र्यांच्या मधे उभे राहिले की त्यांची आकृती काढायची. पेन्सिलीला टोक केलं.

खाली रिक्षा थांबली. शिवणवालीची मशीन थांबली. "अगं बाई, दादा! ओळखू येत नाही तुम्ही!" हे काहीतरी म्हणाले आणि ती मोठ्याने हसली. मग जिन्यात आवाज, पूर्वीचा, फलाटावरचा:

"लक्ष द्या. जुनं पोस्ट, कापडबाजार, दगडी पूल, सरकारी दवाखाना, मुलींची शाळा, पाण्याची टाकी..."

पायऱ्या चढत म्हणताहेत. न थांबता. वखार गेली. तिठा गेला. मी मोजते आहे. रेल्वे फाटक. मधल्या पायरीवर बसले नाहीत. धरण वसाहत. तुरुंग. एका दमात. टेकडीचा पायथा. आता आमच्या मजल्यावर.

दार मी उघडंच ठेवलं आहे. मागच्या खोलीचंही.